मॅनेज्ड की अनमॅनेज्ड फायबर? पाच वर्षांचा खरा खर्च कसा मांडावा?

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. नाशिकमध्ये आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा मध्यम आकाराचा कारखाना आहे. जुने युनिट सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे आणि नवे अंबडला. दोन्हींमध्ये रस्त्याने सहा-सात किलोमीटरचे अंतर आहे. ईआरपीचा (बिले, साठा, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर आणि सगळी ड्रॉइंग्ज सातपूरला असतात, तर माल अंबडहून रवाना होतो. सध्या दोन्हीकडे साधे ब्रॉडबँड घेऊन त्यावर व्हीपीएन (इंटरनेटवरूनच दोन युनिटांना जोडणारी सुरक्षित खासगी वाट) चालवतो. मागच्या महिन्यात संध्याकाळी सहा वाजता सातपूरची लाइन गेली. अंबडच्या फाटकाशी ट्रक भरून उभा होता, पण ईआरपीतून बिल निघेना, आणि बिल नाही म्हणजे ई-इनव्हॉइस नाही, ई-वे बिलही नाही. शेवटी आमचा स्टोअरकीपर मोटारसायकलवरून सातपूरला जाऊन पेन ड्राइव्हमध्ये फाइल घेऊन आला, तेव्हा रात्री साडेनऊला ट्रक हलला. त्यानंतर मालकांनी कायमची व्यवस्था करण्याचा आदेश दिला आहे.

माझ्यापुढे दोन कोटेशने आहेत. 'अ' कंपनी दोन युनिटांमध्ये १०० एमबीपीएसची मॅनेज्ड लिंक देते. दोन्ही टोकांना राऊटर त्यांचा, चोवीस तास देखरेख त्यांची आणि ९९.५ टक्के अपटाइमचा (लिंक चालू राहण्याचा) करार. त्यासाठी वार्षिक ३,६०,००० रुपये आणि एकरकमी ४०,००० रुपये. 'ब' हा स्थानिक पुरवठादार आहे. त्याच्या फायबरचे दोन कोअर (काचेचे तंतू) तो आमच्या दोन्ही दारांपर्यंत आणून देईल. उपकरणे, देखरेख आणि चालवणे सगळे आमच्याकडे. याला तो 'अनमॅनेज्ड' म्हणतो. वार्षिक १,२०,००० आणि एकरकमी ७५,०००. सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत.

वरवर पाहता तिप्पट फरक दिसतो. तो खरोखर इतका आहे का, आणि तुलना नेमकी कशी करावी, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे. आमचा संगणक विभाग म्हणजे मी आणि एक सहकारी, एवढाच आहे.

पाटीलवाडा (सोमवार, रात्री ९.३२)

वर्षाला दोन लाख चाळीस हजार वाचत असतील तर विचार कसला करताय? काच तीच, प्रकाश तोच. मॅनेज्ड म्हणजे त्याच तारेवर कंपनीचा स्टिकर. 'ब' घ्या आणि उरलेल्या पैशांत दुसरी लाइनही घ्या.

रात्रपाळी (सोमवार, रात्री १०.०५)

एका पुरवठादाराच्या नियंत्रण कक्षात मी अकरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी शब्दांचा घोळ मिटवतो. बाजारात 'अनमॅनेज्ड' हा शब्द किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तिन्हींचा खर्च निराळा असतो. पहिली गोष्ट म्हणजे डार्क फायबर, अर्थात प्रकाश न सोडलेली नुसती काच. तिच्या दोन टोकांना आपण आपले एसएफपी (विजेच्या संकेतांचा प्रकाश करणारी छोटी मॉड्युल) आणि स्विच लावतो. 'ब' ने आपल्याला हेच देऊ केलेले दिसते. दुसऱ्या प्रकारात पुरवठादार लिंक चालू करून देतो, पण त्याची जबाबदारी भिंतीवरच्या डब्यापाशी संपते. राऊटर, फायरवॉल आणि त्यांची सेटिंग्ज ग्राहकाची. तिसरा प्रकार म्हणजे साधे ब्रॉडबँड, ज्यात बँडविड्थ अनेकांत वाटलेली असते आणि तक्रार केल्यावर टोकन क्रमांक मिळतो.

मॅनेज्डमध्येही पायऱ्या आहेत. काही कंपन्या नुसती 'लिंक चालू की बंद' एवढीच नजर ठेवतात. काही राऊटरची सेटिंग्ज, अद्ययावतीकरण आणि वापराचे मासिक आलेख देतात. त्यामुळे 'अ' च्या कोटेशनमध्ये देखरेख या शब्दाखाली नेमके काय येते, हे आधी लेखी मागवा.

आणखी एक प्रश्न. १०० एमबीपीएस हा आकडा कुठून आला? तुम्ही वापर मोजला आहे का?

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०.२०)

खरे सांगायचे तर 'अ' च्या विक्री प्रतिनिधीने सुचवला. मोजलेला नाही.

रात्रपाळी (सोमवार, रात्री १०.२४)

मग आधी दोन आठवडे मोजा. स्विचच्या पोर्टवर एसएनएमपी (वाहतुकीचे आकडे कळवणारी सोय) चालू करा. आलेख काढणारी मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत.

हिशेबी (मंगळवार, सकाळी ७.४५)

मी तंत्रज्ञ नाही, हिशेब तपासणारा आहे. पण पाटीलवाडा यांनी दोन वार्षिक भाडी शेजारी ठेवून वजाबाकी केली, तशी तुलना कोणत्याच खरेदीत करू नये. गोदाकाठ यांचे आकडे घेऊन पाच वर्षांचा तक्ता शब्दांतच मांडतो. जिथे माझा अंदाज आहे तिथे तसे म्हणतो, म्हणजे दुरुस्त करता येईल.

'अ' चे पाच वर्षांचे भाडे १८,००,००० आणि एकरकमी ४०,०००, म्हणजे १८,४०,०००. यात वेगळे काही मिळवायचे नाही, कारण उपकरणे त्यांची आहेत.

'ब' चे भाडे ६,००,००० आणि एकरकमी ७५,०००. त्यात दोन बरे स्विच ९०,०००, चार एसएफपी (दोन लावायचे, दोन कपाटात) १२,००० आणि दोन्हीकडे छोटे यूपीएस ३०,००० धरले. इथपर्यंत ८,०७,००० झाले. आता वर्षातून चारदा केबल तुटली आणि दर वेळी जोडणीचे ८,००० द्यावे लागले असे धरू, म्हणजे पाच वर्षांत १,६०,०००. एकूण ९,६७,०००. राहिला माणूस. रात्री-अपरात्री फोन उचलणारा, लिंककडे लक्ष ठेवणारा कोणीतरी लागणारच. त्याच्या पगारातला महिना १०,००० रुपयांचा वाटा या कामावर टाकला तर पाच वर्षांत ६,००,०००. बेरीज १५,६७,०००.

तिप्पट फरक होता, तो १८,४०,००० विरुद्ध १५,६७,००० एवढ्यावर आला. म्हणजे पाच वर्षांत २,७३,००० रुपये. अजून लिंक बंद राहिल्याने होणारे नुकसान मी कुठेच धरलेले नाही.

पाटीलवाडा (मंगळवार, सकाळी ८.३०)

हिशेबी साहेब, सहा लाख आपण हवेतून आणले. त्या माणसाचा पगार मालक आजही देत आहेत. लिंक घेतली काय, न घेतली काय, तो महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारच. तो काढून टाका, मग पाहा फरक किती राहतो: जवळजवळ पावणेनऊ लाख.

हिशेबी (मंगळवार, सकाळी ९.०२)

आपला आक्षेप योग्य आहे, पण अर्धाच. पगार आजही जातो हे खरे. मात्र आज त्या माणसाच्या कामाच्या वेळेत रात्री दोनचा फोन नाही. तो आला की एकतर जादा भत्ता द्यावा लागतो किंवा काही महिन्यांनी राजीनामा येतो. दुसऱ्या दिवशी तो उशिरा येतो आणि त्याचे मूळ काम मागे पडते. हा खर्च वहीत दिसत नाही, एवढेच. दहा हजार हा आकडा कमी-जास्त करा, पण शून्य लिहू नका.

चहाबाज (मंगळवार, सकाळी ९.१५)

ज्या कारखान्यात दोन माणसांचा संगणक विभाग असतो तिथे एक जण रजेवर असताना दुसऱ्याला ताप येतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

जोडकाम (मंगळवार, दुपारी १.४०)

मी फायबर जोडणीचे ठेके घेतो. नाशिक, सिन्नर, इगतपुरी या पट्ट्यात काम असते. हिशेबी यांनी वर्षाला चार तुटी धरल्या आहेत. खांबावरून गेलेली केबल, त्यात सिंहस्थाची तयारी म्हणून शहरभर चाललेली खोदाई पाहता २०२७ पर्यंत चार हा आकडा मला कमीच वाटतो. २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप आणले. खोदणाऱ्याने आधी त्यात कळवावे आणि खाली केबल असलेल्यांना सूचना जावी, अशी कल्पना चांगली आहे. पण जेसीबीचा चालक पहाटे पाच वाजता बकेट खाली टाकतो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल नसतो.

आता एक गोष्ट सांगतो जी कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. जेसीबीने केबल ओढली की ती एका जागी स्वच्छ कापली जात नाही. दोन्ही बाजूंना काही मीटर ताणली जाते. म्हणून तेवढा तुकडा काढून नवा घालावा लागतो, आणि एका तुटीत एकाऐवजी दोन जोड येतात. नीट केलेल्या जोडात ०.१ डेसिबलपेक्षा कमी प्रकाश वाया जातो. पण रात्री, पावसात, टेंपोच्या मागच्या फळीवर मशीन ठेवून, क्लीव्हरचे (काच कापण्याच्या हत्याराचे) पाते बोथट झालेले असताना केलेल्या जोडात ०.३ सुद्धा जातो.

तुमच्या सात किलोमीटरला १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर किलोमीटरमागे ०.३५ धरले तर सुमारे २.५ डेसिबल. चार कनेक्टरचे २ आणि सुरुवातीच्या सहा जोडांचे ०.६ धरा. म्हणजे पाचच्या आसपास. दहा किलोमीटरवाल्या साध्या एक गिगाच्या एसएफपीला साधारण दहा डेसिबलपर्यंत मुभा असते, त्यामुळे पहिल्या दिवशी लिंक झकास चालेल. पण वीस तुटी झाल्या म्हणजे चाळीस जोड वाढले. प्रत्येकी ०.१ ने चार डेसिबल गेले. पाचव्या वर्षी लिंक बंद पडणार नाही. ती मधूनच डेटाची पाकिटे गाळू लागेल, ईआरपी संथ होईल आणि तुम्ही सर्व्हरवाल्याला बोलावून त्याला शिव्या घालाल. माझ्याकडे असे ग्राहक आले आहेत ज्यांनी सर्व्हरच बदलून टाकला होता. ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश कुठे किती गळतो ते दाखवणारे यंत्र) लावल्यावर रेषेत पायऱ्याच पायऱ्या दिसल्या.

म्हणून अनमॅनेज्ड घेणार असाल तर हस्तांतराच्या दिवशी दोन्ही दिशांचा ओटीडीआर अहवाल घ्या आणि प्रत्येक तुटीनंतर नवा मागा. करारात एकूण नुकसानीची कमाल मर्यादा डेसिबलमध्ये लिहून घ्या. पुरवठादार कुरकुर करतो, पण लिहून देतो.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३.१०)

जोडकाम, सुरेख मांडणी. हे मॅनेज्डमध्येही घडते, फक्त प्रकाशाची पातळी घसरते आहे हे आलेखात आम्हाला आधी दिसते. अर्थात, पाहणाऱ्याने आलेख पाहिला तर.

मंजिरी_ओहायो (मंगळवार, संध्याकाळी ६.५५)

मी अमेरिकेत एका शालेय जिल्ह्याच्या संगणक विभागात आहे, आणि ही तुलना इथे आम्हाला नियमानेच करावी लागते. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांच्या इंटरनेटसाठी इथे ई-रेट नावाची योजना आहे. जिल्ह्याच्या परिस्थितीनुसार २० ते ९० टक्के खर्च त्यातून मिळतो. पूर्वी या योजनेत चालू स्थितीतल्या, म्हणजे पुरवठादाराने प्रकाश सोडून चालवून दिलेल्या लिंकला झुकते माप होते. संघीय दळणवळण आयोगाने डिसेंबर २०१४ च्या आदेशात भाड्याचे डार्क फायबर आणि त्यावर प्रकाश सोडणारी उपकरणे २०१६ च्या निधी वर्षापासून पात्र ठरवली. मात्र सोबत अट घातली की जो जिल्हा डार्क फायबरसाठी निविदा काढेल त्याने चालू लिंकसाठीही निविदा मागवायच्या आणि दोन्हींचा एकूण खर्च, म्हणजे उपकरणे, देखभाल आणि चालवण्याचा खर्च धरून, तुलना करायची.

आमच्याकडे नऊ शाळा आहेत आणि आम्ही डार्क फायबर घेतले. भाडे वाचते म्हणून नव्हे. वेग वाढवताना काय होते, हे पाहून. चालू लिंकवर एक गिगावरून दहा गिगावर जायचे म्हणजे दर महिन्याचे भाडे वाढते. डार्क फायबरवर आम्ही दोन्ही टोकांचे मॉड्युल बदलले आणि दहा गिगा झाले. भाड्यात एका सेंटचाही फरक पडला नाही. पण आमच्या विभागात सात माणसे आहेत आणि दुरुस्तीचा वेगळा करार आहे. गोदाकाठ, तुम्हाला पाच वर्षांत दहा गिगा लागणार नसेल तर डार्क फायबरचा सर्वांत मोठा फायदा तुमच्या उपयोगाचा नाही.

पाटीलवाडा (मंगळवार, रात्री ८.२०)

मंजिरीताई, मुद्दा पटला. पण तुम्ही स्वतः अनमॅनेज्डच घेतले आहे, याची नोंद व्हावी.

मंजिरी_ओहायो (मंगळवार, रात्री ८.३१)

नोंद घ्यावी, आणि सात माणसांचीही घ्यावी.

मेलारेनकाठ (बुधवार, पहाटे २.१५)

स्टॉकहोममध्ये हा वाद वेगळ्या प्रकारे सुटला आहे. शहराने १९९४ साली स्टोकाब ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. ती फक्त काच टाकते आणि भाड्याने देते. त्यावर सेवा विकत नाही. दूरसंचार कंपन्या, बँका, रुग्णालये असे कोणीही तिच्याकडून घेऊ शकते. त्यामुळे आमच्या कार्यालयाला नुसती काच एकाकडून आणि ती चालवून देण्याचे काम दुसऱ्याकडून, अशी दोन स्वतंत्र बिले येतात. मॅनेज्ड या शब्दाची किंमत किती, हे बिलावर सरळ वाचता येते.

नियमावली (बुधवार, सकाळी १०.५०)

स्वीडन आणि अमेरिकेच्या उदाहरणांनी विषय समजतो, पण गोदाकाठ यांचा कारखाना अंबडला आहे, म्हणून एक मूलभूत प्रश्न विचारतो. 'ब' हे दोन कोअर तुम्हाला देऊ शकतात का?

आपल्याकडे दूरसंचार विभागाने २००० साली आयपी-१ ही नोंदणी सुरू केली. अशी नोंदणी असलेल्या कंपन्या डार्क फायबर, डक्ट, मनोरे वगैरे भाड्याने देऊ शकतात, पण ते दूरसंचार सेवेचा परवाना असलेल्यांना. सुटे भाग बनवणारा कारखाना हा परवानाधारक नव्हे. 'ब' यांच्याकडे इंटरनेट सेवेचा परवाना असेल तर ते तुम्हाला इंटरनेट जोडणी देऊ शकतात. दोन ठिकाणे खासगीरीत्या जोडणारी लीज्ड सर्किट देणे ही निराळी सेवा आहे, आणि तिचा परवाना त्यांच्याकडे आहे का, हे कागदावर पाहायला हवे. आपल्याच आवारात एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये केबल टाकायला कोणाची आडकाठी नसते. सार्वजनिक रस्ता ओलांडला की प्रकरण बदलते.

दोन कोअर तोंडी बोलीवर देणारे पुष्कळ आहेत आणि घेणारेही. पण उद्या केबल खांबावरून उतरवली गेली तर तुमच्या हातातले बिल कशाचे असेल? हा खर्च हिशेबी यांच्या तक्त्यात बसत नाही.

जोडकाम (बुधवार, सकाळी ११.२०)

अशी बिले मी पाहिली आहेत. 'नेटवर्क देखभाल सेवा' असे लिहिलेले असते. कशाची देखभाल, ते नसते.

हिशेबी (बुधवार, सकाळी ११.५५)

मग त्या बिलावरच्या जीएसटीची जमा (भरलेला कर आपल्या करातून वजा करणे) घेताना लेखापरीक्षक मलाच विचारणार. नियमावली यांचे आभार. हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता.

सहकार_सांगली (बुधवार, दुपारी १२.४०)

जीएसटीचा विषय निघाला म्हणून सांगते. मी एका नागरी सहकारी बँकेत आहे. कारखान्याला लिंकच्या बिलावरच्या १८ टक्क्यांची पूर्ण जमा मिळते, म्हणून गोदाकाठ यांनी तो सोडून आकडे दिले ते बरोबरच आहे. आमची बँक निम्म्या जमेचा पर्याय घेते. ३,६०,००० वर ६४,८०० कर, त्यातले ३२,४०० आमच्यासाठी खर्चच, आणि पाच वर्षांत १,६२,०००. भाडे जितके जास्त तितका हा न परतणारा कर जास्त, त्यामुळे आमच्या तक्त्यात मॅनेज्ड आणखी महाग दिसते. तरीही आम्ही सर्व शाखांना मॅनेज्डच घेतले, कारण शाखेत संगणकाचे जाणणारे कोणीच नसते. रोखपालाला राऊटरचे दिवे वाचायला सांगितले की तो प्रत्येक दिव्याचा रंग अगदी प्रामाणिकपणे चुकीचा सांगतो.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ९.४५)

दिव्यांवरून आठवले. आमच्या एका ग्राहकाची लिंक रोज पहाटे चार पन्नासला जायची आणि अकरा-बारा मिनिटांनी आपोआप यायची. तक्रार कधीच आली नव्हती, कारण त्या वेळी कार्यालयात कोणी नसे. आलेखावर मात्र रोज एकाच जागी खाच. पंधरा दिवस केबल, मॉड्युल, राऊटर सगळे तपासून झाले. शेवटी आमचा मुलगा पहाटे जाऊन बसला. रखवालदार काका यूपीएसच्या रिकाम्या सॉकेटवर विजेची किटली लावून चहा करत होते. भार वाढला की यूपीएस झोपायचा. काका बटण दाबून तो पुन्हा चालू करायचे आणि कोणालाच काही बोलायचे नाहीत. त्या मुलालाही त्यांनी चहा दिला.

हे सांगण्याचे कारण असे की देखरेखीमुळे केबल तुटायची थांबत नाही. दोष कोणाच्या हद्दीत आहे हे लवकर कळते, आणि अनमॅनेज्डमध्ये सर्वांत जास्त वेळ नेमका त्यात जातो. पुरवठादार म्हणतो तुमचा स्विच, स्विचवाला म्हणतो तुमचे फायबर, आणि मधल्या वेळात ट्रक उभा.

आता माझ्याच जुन्या धंद्याविरुद्ध बोलतो. ९९.५ टक्के हा आकडा ऐकायला भारी आहे, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ तीन तास छत्तीस मिनिटे लिंक बंद राहिली तरी करार मोडत नाही. त्यातून नियोजित दुरुस्ती वगळलेली असते, आणि पुष्कळ करारांत रस्त्याच्या सरकारी कामामुळे झालेली तूटही. करार मोडलाच तर भरपाई भाड्याच्या हिशेबात मिळते, तुमच्या नुकसानीच्या नव्हे. ३,६०,००० ला वर्षाच्या ८,७६० तासांनी भागा: तासाला ४१ रुपये. दहा तास लिंक बंद राहिली तर चारशे दहा रुपयांची सवलत पुढच्या बिलात. तेव्हा भरपाईच्या आशेने मॅनेज्ड घेऊ नका. किती तासांत माणूस जागेवर पोचेल, हे कलम वाचा.

चहाबाज (बुधवार, रात्री ९.५८)

माझे नाव न घेता माझी बदनामी झाल्याबद्दल निषेध.

पाटीलवाडा (बुधवार, रात्री १०.१२)

तासाला ४१ रुपये! मग गोदाकाठ जादाचे पैसे कशाचे देणार?

हिशेबी (बुधवार, रात्री १०.३०)

फोन उचलण्याचे, आणि दोष शोधण्याचे. ते महाग वाटत असेल तर तेवढेच वेगळे विकत घेता येते का ते पाहा. जोडकाम यांच्यासारख्या ठेकेदाराशी वर्षाचा करार करून 'चार तासांत जागेवर' असे लिहून घेता येईल. गोदाकाठ, 'अ' कडे आणखी एक चौकशी करा: राऊटर आमचा, लिंकवरची देखरेख तुमची, असे केल्यास भाडे किती?

गोदाकाठ (साडेपाच आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ७.००)

सर्वांचे मनापासून आभार. इतका उशीर झाला, कारण सांगितलेले एकेक करत होतो.

प्रथम मोजणी. दोन आठवड्यांत दोन युनिटांमधली वाहतूक एकदाही ३८ एमबीपीएसच्या वर गेली नाही, आणि तेवढी दुपारी चारच्या सुमारास, डिझाइन विभाग दिवसभराची ड्रॉइंग्ज अंबडला पाठवतो तेव्हा. एरवी दहाच्या आत. म्हणजे १०० चे भाडे आम्ही विनाकारण भरणार होतो. रात्रपाळी, आपल्या त्या एका प्रश्नाने बहुधा सर्वांत जास्त पैसे वाचवले.

नंतर 'ब' यांना परवान्याबद्दल विचारले. गृहस्थ सरळ आहेत. त्यांचा परवाना इंटरनेट सेवेचाच आहे आणि दोन कोअरचे बिल 'देखभाल' म्हणूनच निघाले असते, हे त्यांनी मान्य केले. त्याऐवजी दोन्ही युनिटांना स्थिर आयपीच्या इंटरनेट जोडण्या देतो, व्हीपीएन तुम्ही चालवा, असे म्हणाले. दोन्ही मिळून वार्षिक १,८०,०००. म्हणजे ज्याच्याशी तुलना करत बसलो होतो ते १,२०,००० चे कोटेशन मुळात घेण्याजोगे नव्हतेच.

'अ' यांनी ५० एमबीपीएस, राऊटर आमचा, तीन वर्षांचा करार, यावर २,३५,००० ला होकार दिला. एकरकमी ४०,००० कायम. दोन राऊटर आम्ही ७०,००० ला घेतले. सध्याचे दोन्ही ब्रॉडबँड ठेवले, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, आणि मुख्य लिंक गेली की व्हीपीएनवर आपोआप जाईल अशी सोय केली. हिशेबी यांच्या पद्धतीने पाच वर्षांचे ११,७५,००० भाडे, ४०,०००, ७०,००० आणि ब्रॉडबँडचे २,४०,०००, एकूण १५,२५,०००. दोन वाटा असूनही हे 'ब' च्या मूळ तक्त्यातल्या १५,६७,००० पेक्षा कमी आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी दर हाच राहील असे मी धरले आहे, हे मान्य.

हिशेबी (शनिवार, संध्याकाळी ७.२५)

ते धरणे मला मान्य नाही, पण बाकी तक्ता उत्तम. नूतनीकरणाचा दर आजच करारात घालून घ्या.

जोडकाम (शनिवार, रात्री ८.१०)

दोन वाटा म्हणता, पण मुख्य लिंक आणि ब्रॉडबँड सातपूरच्या युनिटमध्ये कुठून शिरतात? मार्गाचा नकाशा मागितला होता का?

गोदाकाठ (रविवार, सकाळी १०.४०)

काल मागितला नव्हता. आज सकाळी स्वतः केबलच्या मागे मागे चालत गेलो. दोन्ही केबल पपया नर्सरीच्या चौकात एकाच खांबावर आहेत, एकाच पट्टीने बांधलेल्या. पुढे दोनशे मीटर सोबतच जातात.

जोडकाम (रविवार, सकाळी १०.५२)

वाटलेच. अंबडच्या बाजूलाही चालून या. सातपूरला मागच्या गल्लीतून दुसरी वाट मिळते का ते मी मंगळवारी येऊन पाहतो. येताना ओटीडीआर आणतो, पहिल्या दिवसाची रेषाही काढून ठेवू.